पिकअपचा डिझेल फिल्टर



आज मी गाडीच्या डिझेल फिल्टरबद्दल बोलणार आहे. आधीच सांगते, मी मिस्त्री नाही. दहावीपर्यंत शिकले, गटाची सचिव म्हणून रजिस्टर लिहिते आणि घरी अडीच एकर धान आहे. पण आमच्या गटाकडे एक जुनी पिकअप आहे, आणि तिच्यातल्या एका डब्याएवढ्या वस्तूपायी आमचा गट फुटायला आला होता. म्हणून हा विषय मी मागून घेतला.

आम्ही बारा जणी. बचतीचे पैसे आणि बँकेचं कर्ज मिळून आम्ही जुनी पिकअप घेतली. भाजी आमगावच्या बाजाराला न्यायची, उन्हाळ्यात मोहफूल, आणि दिवाळीनंतर गावातलं धान खरेदी केंद्रावर पोचवायचं. गटातल्याच एका वहिनींचा धाकटा दीर गाडी चालवायचा. पोरगा शांत होता. कोणी बोललं तर मान खाली घालून ऐकायचा.

डिसेंबरचे दिवस होते. केंद्रावर धानाची रांग लागलेली. चाळीस किलोचे पंचवीस कट्टे भरून गाडी निघाली आणि तलावाच्या पाळीवरच्या चढावर बंद पडली. थोडा वेळ थांबून परत सुरू केली तर चालली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रिकामी असली की धावायची, भरली की दम टाकायची. पोरगा सांगायचा, "काकू, डिझेल वर येत नाही." आम्ही म्हणायचो, टाकीत तर डिझेल आहे, मग येत काहून नाही? आठ दिवसांत तीन खेपा चुकल्या. लोकांचे कट्टे रस्त्यावर उतरवून दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर चढवावे लागले आणि भाडं आमच्या गळ्यात पडलं.

मग बैठक झाली. कोणीतरी म्हणालं, पोरगा डिझेल काढून विकतो आणि टाकीत रॉकेल ओततो. पुरावा काही नव्हता, पण पैसा गेला की माणसाला कोणावर तरी बोट दाखवायचं असतं. रजिस्टरमध्ये मीच लिहिलं, "ड्रायव्हरवर संशय, पुढील बैठकीत निर्णय." वहिनी तिथंच बसल्या होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. पोरानं दुसऱ्या दिवशी किल्ली आणून माझ्या हातात दिली. पुढच्या दोन बैठकांना वहिनी आल्या नाहीत.

गाडी ओढत आमगावच्या रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी इंजिनकडे पाहिलंसुद्धा नाही. फिल्टरच्या खालचा नट ढिला केला आणि आलेलं डिझेल पाण्याच्या एका स्वच्छ काचेच्या बाटलीत धरलं. बाटली ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "चहा घ्या बाई, तोवर बसू द्या तिले." चहा होईपर्यंत बाटलीत दोन थर झाले. वर पिवळसर डिझेल, खाली दोन बोटं गढूळ पाणी, आणि दोघांच्या मध्ये शेवाळासारखी काळी चिकट घाण. मिस्त्री म्हणाले, "इंजिन चांगलं आहे जी. त्यानं पाणी पेलं, दुसरं काही नाही."

पाणी आलं कुठून? ते माझ्याच घरून आलं होतं. पंप लांब पडतो म्हणून मी एकदम दोन कॅन डिझेल आणून ओसरीच्या पडवीत ठेवत होते. एका कॅनचं झाकण हरवलं होतं. तोंडाला पन्नी गुंडाळून दोरी बांधली होती. पावसाळाभर पडवीवरून ठिबकणारं पाणी त्या पन्नीवरून आत जात होतं, आणि तेच डिझेल मी नरसाळ्यानं टाकीत ओतायला देत होते. पोरानं काही विकलं नव्हतं.

आता फिल्टर म्हणजे काय ते बघू. आपण चहा गाळतो, पीठ चाळतो, तसंच हे. टाकीतून डिझेल निघतं, फिल्टरमधून गाळून पंपात जातं, पंप ते मोठ्या दाबानं नोझलकडे पाठवतो आणि नोझल त्याचा धुक्यासारखा बारीक फवारा इंजिनात मारतं. हा दाब चाकातल्या हवेच्या पन्नास पटीहूनही जास्त असतो. एवढा दाब धरायचा तर पंपाच्या आतले लोखंडी दांडे आपापल्या नळीत अगदी घट्ट बसलेले लागतात. डोक्याच्या एका केसाचे उभे वीस-पंचवीस भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी फट त्यांच्यामध्ये असते. तिथं धुळीचा कण गेला तर चरा पडतो, पाणी गेलं तर गंज चढतो. आणि या दांड्यांना वेगळं ऑइल घालत नाहीत, डिझेलच त्यांचं वंगण असतं. म्हणून डिझेलमध्ये रॉकेल मिसळलं की पंप कोरडा घासतो. रेशनच्या रॉकेलला निळा रंग घालायचे तो ही भेसळ ओळखता यावी म्हणूनच.

गंमत अशी की इंजिन स्वतः खाण्यापिण्यात फार चोखंदळ नाही. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनियरनं हे इंजिन बनवलं, १८९७ साली ते नीट चालायला लागलं. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात असं एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. नखरे आहेत ते पंपाचे आणि नोझलचे. जुने मिस्त्री ज्याला मायकोचा पंप म्हणतात त्या कंपनीचा मोठा कारखाना आपल्या नाशिकला आहे, तिथं नोझल बनतात. पंप उघडला की खर्च हजारांत जातो. आमच्या गाडीच्या फिल्टरची जोडी साडेतीनशे रुपयांत आली होती.

गटांनी गाडी चालवणं ही आता नवी गोष्ट राहिलेली नाही. २०१७ साली केंद्र सरकारनं आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आणली, तिच्यात बचत गटातल्या बायांनी गावाकडच्या रस्त्यांवर प्रवासी गाड्या चालवाव्यात हाच विचार होता. पण गाडी घेताना आपण कर्जाचे कागद चार वेळा वाचून घेतो, हप्ता पाठ करतो आणि बॉनेट एकदाही उघडून बघत नाही. आम्ही तरी नव्हतं बघितलं.

मी सांगते ते जुन्या गाड्यांसाठी आहे. जुनी पिकअप, टाटा २०७, ४०७, असल्या गाड्या, ज्यांच्या पंपावर किंवा फिल्टरच्या माथ्यावर हातानं दाबायचा छोटा पंप असतो. नव्या गाड्यांमध्ये कॉमन रेल असतं. त्यांच्यातला दाब जुन्या गाडीच्याही कितीतरी पट असतो, सोबत सेन्सर आणि वायरी असतात. त्यांचं काम सर्व्हिस सेंटरमध्येच करा. आपली गाडी कुठली ते कळत नसेल तर मिस्त्रीला एकदा विचारून घ्या, त्यात लाज कसली.

फिल्टर भरत आला हे कसं ओळखायचं? सकाळी गाडी सुरू व्हायला वेळ लागतो. जागेवर उभी असताना बरी चालते, पण माल भरून चढाला लागली की ओढत नाही, कारण चढावर इंजिनाला जास्त डिझेल लागतं आणि तुंबलेल्या फिल्टरमधून तेवढं येत नाही. आमच्या पाळीवर हेच होत होतं. पण फिल्टरला दोष देण्याआधी दोन गोष्टी बघा. एक, टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक चिखलानं बुजलं आहे का. ते बुजलं तर टाकीत हवा जात नाही आणि डिझेल वर येत नाही. झाकण ढिलं करून गाडी नीट चालली तर दोष झाकणाचा आहे. दुसरं, रबरी नळ्या. धानाच्या दिवसांत गाडी खळ्यावर उभी असते आणि उंदीर नळ्या कुरतडतात. बारीक चीर पडली तरी पंप डिझेलऐवजी हवा ओढतो. आमच्याकडे एकदा हे झालं आहे, आणि आम्ही शहाण्यासारख्या नवा फिल्टर बसवून मोकळ्या झालो होतो.

आता प्रत्यक्ष काम.

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. किल्ली काढून, जी काम करते तिच्याच कमरेला खोचा. इंजिन थंड होऊ द्या, कारण तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर डिझेल सांडलं तर पेट घेऊ शकतं. जवळ बिडी ओढणारा कोणी नको, मग तो सासरा असो की सरपंच. बादलीभर रेती जवळ ठेवा. आणि बायांनो, पदर कमरेला घट्ट खोचा, वेणी बांधा, हातातल्या धातूच्या बांगड्या काढून ठेवा. काम झाल्यावर गाडी सुरू करून बघतो तेव्हा पट्टा आणि पंखा फिरत असतो. पदर त्यात गेला तर माणूस ओढलं जातं. बॅटरीच्या दोन टोकांना बांगडी टेकली तर ठिणगी उडते आणि हात भाजतो. गटातली कोणी ऐकत नसेल तर तिला कामाला घेऊ नका.

फिल्टरच्या आजूबाजूची धूळ आधी ब्रशनं आणि कापडानं पुसून काढा. हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि सगळ्यात महत्त्वाचंही, कारण फिल्टर उघडल्यावर वरची माती आत पडली तर बदलून फायदा काय. खाली परात ठेवा. घरची नको, एक जुनी याच कामाला वेगळी ठेवा. टाकीला कॉक असेल तर बंद करा. मग खालचा नट ढिला करून पहिलं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि बाजूला ठेवा. ती बाटली टाकून देऊ नका, तिच्यावर पुढे बोलते.

जुन्या गाड्यांमध्ये बहुतेक दोन वाट्या असतात, एकीत कापडी फिल्टर आणि दुसरीत कागदी. कापडी मोठी घाण अडवतो, कागदी बारीक. काही गाड्यांत एकच गोल डबा असतो, तो आख्खा फिरवून काढायचा. वाटीचा मधला बोल्ट काढला की वाटी खाली येते. कुठलं वायसर वर होतं, कुठली रिंग खाली होती, ते काढता काढता एका कागदावर त्याच क्रमानं मांडत जा. मोबाइलवर फोटो काढला तर आणखी चांगलं.

आता आमची चूक ऐका. पहिल्यांदा आम्ही स्वतः फिल्टर बदलला तेव्हा सगळं नीट केलं आणि गाडी सुरूच होईना. तासभर स्टार्टर मारला, बॅटरी उतरली. शेवटी मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, जुनी रबरी रिंग काढली का? आम्ही म्हटलं, खाली तर पडली नाही. ती वरच्या माथ्यालाच चिकटून बसली होती, डिझेलनं काळी पडलेली, डोळ्यांना दिसतच नव्हती. तिच्यावर आम्ही नवी रिंग बसवली होती. दोन रिंगा एकावर एक बसल्या की फट राहते आणि हवा आत येते. म्हणून बोटानं माथ्याच्या कडेकडेनं चाचपून बघा. लाकडाच्या काडीनं जुनी रिंग सुटते, पेचकसानं खरवडू नका, चरा पडेल.

वाटी धुवायची ती स्वच्छ डिझेलनंच. पाण्याचा थेंब नको, सर्फ नको. कापसाचा बोळा वापरू नका, त्याचे धागे सुटतात. नव्या रिंगला बोटानं डिझेल लावून मग बसवा, म्हणजे ती मुरडत नाही. डबा फिल्टर असेल तर रिंग माथ्याला टेकल्यावर पुढे पाऊण फेरा हातानं आवळायचा, पाना लावायचा नाही. वाटीचा बोल्ट पान्यानं आवळायचा, पण जीव काढून नाही. वाटीच्या बोल्टचे आटे गेले तर साडेतीनशेचं काम पुन्हा हजारांवर जातं.

काही जण नवा फिल्टर आधीच डिझेलनं भरून घेतात, म्हणजे हवा काढायला सोपं जातं. डबा फिल्टरच्या तोंडावर बारीक भोकांची रांग असते आणि मध्ये एक मोठं भोक. बहुतेक डब्यांत बारीक भोकांतून डिझेल आत जातं आणि गाळून मोठ्या भोकातून पंपाकडे निघतं. मधल्या भोकात ओतलं तर न गाळलेलं डिझेल थेट पंपात जाईल. हातपंप चांगला असेल तर भरायची गरजच नाही.

आता हवा काढायची. विहिरीवर ऑइल इंजिन असलेल्या घरातल्या बायांना हे माहीत असेल. आमचे सासरे किर्लोस्करच्या इंजिनची हवा काढायचे तेव्हा मी बाजूला दिवा धरून उभी राहायचे. वीस वर्षं दिवा धरला, पाना कधी हातात घेतला नव्हता. काम तेच आहे. फिल्टर उघडला की नळ्यांमध्ये हवा शिरते. हवा दाबली की आक्रसते, डिझेल आक्रसत नाही. म्हणून नळीत हवा असली की पंप नुसता हवाच दाबत बसतो आणि नोझलपर्यंत जोर पोचत नाही. फिल्टरच्या माथ्यावर एक छोटा स्क्रू असतो, तो दोन फेरे ढिला करा. एकीनं हातपंप मारायचा, दुसरीनं स्क्रूकडे बघायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग थुंकल्यासारखं थोडं थोडं, आणि शेवटी बुडबुड्याशिवाय सलग धार. धार सलग आली की हातपंप चालू असतानाच स्क्रू आवळायचा. हात आधी थांबला तर हवा परत ओढली जाते. मग पंपावरच्या स्क्रूला हेच करायचं. हातपंपाची मूठ फिरवून काढलेली असेल तर ती पुन्हा घट्ट बसवा, आम्ही एकदा विसरलो आणि रस्ताभर डिझेल गळत गेलं.

त्यानंतर स्टार्टर मारा. एका वेळी दहा-पंधरा सेकंद, मग मिनिटभर थांबा. सलग मारला तर स्टार्टर तापतो आणि बॅटरी बसते. गाडी सुरू झाली की पाच मिनिटं जागेवर चालू द्या आणि सगळे जोड बघा, कुठं ओलं दिसतं का. तरीही सुरू झाली नाही तर मिस्त्री लोक नोझलकडे जाणाऱ्या नळीचा नट ढिला करून हवा काढतात. ते आपण करायचं नाही. तिथला दाब एवढा असतो की बारीक धार कातडीतून आत घुसते. जखम टाचणीएवढी दिसते पण आत डिझेल गेलेलं असतं. कोणाला तसं झालंच तर घरी हळद लावून बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. आणखी एक, नळीनं तोंडानं ओढून डिझेल काढायची सवय आपल्याकडे फार आहे. घरातल्या पोरांनाही करू देऊ नका. डिझेल छातीत गेलं तर फुप्फुसाला इजा होते.

बाटलीचं राहिलंच. काम चालू असतानाच ती बाजूला बसवून ठेवा आणि शेवटी बघा. सगळं एकसारखं पिवळसर दिसलं तर चांगलं. खाली पाणी दिसलं तर नुसता फिल्टर बदलून भागणार नाही, टाकीही रिकामी करावी लागेल. मिस्त्रींनी आमच्या टाकीच्या खालचा नट काढला तर तळाशी पाण्याबरोबर चिखल निघाला. तो तसाच ठेवला असता तर नवा फिल्टर आठ दिवसांत भरला असता. पाणी नेहमी कॅनमधूनच येतं असंही नाही. अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली की आतल्या हवेतला ओलावा पत्र्यावर दव पडावं तसा जमतो आणि तळाशी जातो. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने हवा ओलीच असते. म्हणून शक्य तेव्हा संध्याकाळी टाकी भरून गाडी उभी करा.

फिल्टर किती दिवसांनी बदलायचा हे गाडीच्या पुस्तकात किलोमीटरमध्ये लिहिलेलं असतं. जुन्या गाडीचं पुस्तक नसतंच, मग मिस्त्रीला विचारा. पण जिथं कॅनचं डिझेल आणि मातीचा रस्ता आहे तिथं पुस्तकातल्या आकड्यापर्यंत थांबू नका. आम्ही पावसाळा संपल्यावर एकदा बदलतोच, आणि दर महिन्याला खालचा नट ढिला करून बाटलीत बघतो. बदलल्याची तारीख आणि मीटरचा आकडा डब्यावर मार्करनं लिहितो, आणि रजिस्टरमध्येही. घाण डिझेल विहिरीजवळ, बांधीत किंवा नाल्यात ओतायचं नाही. चुलीत तर मुळीच नाही, भडका उडतो. एका कॅनमध्ये साठवून मिस्त्रीकडे देतो, ते गंजलेले नट त्यात भिजवतात.

माझ्या घरच्या कॅनना आता झाकणं आहेत आणि ते घरात आहेत, चुलीपासून लांबच्या खोलीत. नरसाळ्यात बारीक जाळी बसवली आहे. खरं तर घरी कॅन ठेवूच नये, जोखीम असते. आम्हीही कमी करत आणलं आहे, आता फक्त खरेदीच्या हंगामात एक ठेवतो.

त्या पोराचं काय झालं ते सांगते. बाटली घेऊन मी स्वतः त्यांच्या घरी गेले. वहिनी दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, "पाणी माझ्या कॅनमधलं होतं." त्यांनी बाटली हातात घेतली, हलवली, पुन्हा थर बसेपर्यंत बघत राहिल्या. पोरगा म्हणाला, "काकू, मी तर सांगितलं होतं, डिझेल वर येत नाही म्हणून." तो गाडीवर परत आला नाही. त्यानं तोवर दुसरीकडे ट्रॅक्टर धरला होता. रजिस्टरच्या त्या पानावर मी संशयाची ओळ खोडली नाही. तिच्याखाली लिहिलं की संशय चुकीचा होता, दोष सचिवांच्या घरच्या डिझेलचा होता, आणि खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या. त्या तीन खेपांचं भाडं मी माझ्या वाट्यातून चार महिन्यांत फेडलं. काही जणी म्हणाल्या, सगळ्यांनी मिळून द्यावं. मी नाही म्हटलं.

वहिनी परत आल्या. आता आमच्या गटात फिल्टर त्याच बदलतात, पाऊण तासात. हातपंप मारायला मी असते. स्क्रू कधी आवळायचा ते त्या सांगतात, आणि मी हात थांबवला की ओरडतात.

तुमच्या गटाची किंवा घरची जुनी डिझेल गाडी असेल तर या आठवड्यात एवढंच करा, ड्रायव्हरला सोबत घेऊन फिल्टरच्या खालून बाटलीभर डिझेल काढा आणि चहा होईपर्यंत बसू द्या. काय दिसलं ते रेडिओ केंद्रावर कळवा. आमचा पुढचा फिल्टर दिवाळीच्या आधी, धान कापणीला यायच्या सुमारास बदलायचा आहे. जोडी आणून वहिनींच्या घरी फळीवर ठेवली आहे, रिंगांसकट.